रिकव्हरी म्हणजे नेमकं काय? दवाखान्यात वेगळी, बँकेत वेगळी आणि बिद्रीच्या ऊसबिलात वेगळी!

गेल्या हंगामातली गोष्ट. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात थांबलेल्या भावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, "रिकव्हरी चांगली आहे." दोन मिनिटांत मामांचा रिप्लाय आला, "बाराच्या वर गेली काय?"

मामा तेव्हा बिद्रीच्या कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरच्या रांगेत उभे होते. ग्रुपवर हशा पिकला. मग त्यांचाच दुसरा मेसेज आला, "अरे मला कारखान्याची वाटली. दाजी कसे हायत?"

त्याच संध्याकाळी फोनवर बोलताना मामा म्हणाले, "बिल निघंल, पण सोसायटीची रिकव्हरी कापूनच हातात येणार." म्हणजे एका दिवसात, एकाच घरात 'रिकव्हरी' हा शब्द तीनदा वापरला गेला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. पहिला अर्थ माणूस बरा होण्याचा, दुसरा उसातून साखर निघण्याचा आणि तिसरा कर्ज वसूल होण्याचा.

हसून सोडून द्यावा असाच हा किस्सा. पण नंतर मामांनी ऊसबिलाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "तू इंजिनिअर हायस ना, मग हा दर कसा काढला तेवढं सांग." मला सांगता येईना. बिलावर वजन होतं, दर होता, कपाती होत्या. दर ज्या रिकव्हरीवरून ठरतो, तो आकडा मात्र बिलावर नव्हता.

म्हणून आज हा शब्द नीट उलगडून पाहूया. तो कुठून आला, उसाच्या धंद्यात त्याचा अर्थ काय आणि तुमच्या खिशाशी त्याचा संबंध कसा, हे समजून घेऊया.

शब्द आला कुठून?

'रिकव्हर' या इंग्रजी क्रियापदाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमधलं 'रेकुपेरारे' म्हणजे गेलेलं परत मिळवणं. तिथून तो शब्द जुन्या फ्रेंचमध्ये 'रेकोव्हरेर' झाला आणि फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर इंग्लंडमध्ये पोहोचला. इंग्रजीत तो साधारण १३०० सालापासून दिसतो.

आपल्याला वाटतं की यात 'कव्हर' म्हणजे झाकणं आहे. तसं नाही. 'कव्हर' हा दुसऱ्याच लॅटिन शब्दापासून आला. दोघांचं स्पेलिंग जुळलं, नातं मात्र काही नाही. 'रेकुपेरारे'चं खरं भावंड म्हणजे 'रिक्युपरेट'. डॉक्टर आजही आजारातून सावरण्यासाठी हा शब्द वापरतात. तो इंग्रजीने नंतर थेट लॅटिनमधून उचलला. एकच शब्द दोन वाटांनी आला आणि दोन रूपांत राहिला.

या शब्दाला पहिल्यापासून कोर्टकचेरीचा वास आहे. प्राचीन रोममध्ये 'रेकुपेराटोरेस' नावाचे पंच असत. कुणाची मालमत्ता दुसऱ्याकडे गेली असेल, तर ती परत मिळवून देण्याचे खटले त्यांच्यापुढे चालत. इंग्लंडच्या कायद्यातही 'रिकव्हरी' म्हणजे कोर्टाच्या निकालाने जमीन किंवा पैसा परत मिळवणं.

त्यातली एक गंमत उसाच्या गोष्टीत उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये 'कॉमन रिकव्हरी' नावाचा एक प्रकार होता. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहावी म्हणून बांधून ठेवलेली जमीन विकायची असेल, तर लुटुपुटूचा दावा लावायचा. "ही जमीन माझीच होती, मी परत घेतो," असं दावेकरी म्हणायचा, कोर्ट होकार द्यायचं आणि बंधन सुटायचं. कागदावर परत घेणं, प्रत्यक्षात हस्तांतर. १८३३ साली कायदा करून हा प्रकार बंद करण्यात आला. शब्द एक सांगतो आणि व्यवहार दुसराच होतो, हे त्यांच्याकडे शेकडो वर्षं चाललं.

आपल्याकडे तीन शब्द आधीपासून आहेत

इंग्रजीत जे काम एका शब्दावर टाकलं आहे, त्यासाठी मराठीत तीन वेगळे शब्द आहेत.

माणूस आजारातून बरा होतो किंवा सावरतो. 'रिकव्हरी चांगली आहे' याचं साधं मराठी 'तब्येत सुधारतेय'.

कर्जाची वसुली होते. 'वसूल' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ पोहोचणं. पैसा जिथे जायला हवा तिथे पोहोचला, की तो वसूल झाला.

आणि उसाचा असतो उतारा. जुने शेतकरी आजही 'उतारा किती पडला' असंच विचारतात. 'उतरणे' या क्रियापदापासून आलेला हा शब्द मराठीत किती ठिकाणी राबतो पाहा. जमिनीचा सातबारा उतारा, परीक्षेतला गद्य उतारा, विषावरचा उतारा, नजर लागली म्हणून टाकलेला उतारा, एकरी किती टन निघाला तो उत्पन्नाचा उतारा. बहुतेक ठिकाणी कल्पना एकच, एका जागचं काहीतरी दुसरीकडे उतरवून घेणं. तलाठ्याच्या दप्तरातून कागदावर, रानातून खळ्यावर, उसातून पोत्यात.

'रिकव्हरी' आणि 'उतारा' यांत एक बारीक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. रिकव्हरी म्हटलं की 'परत मिळवलं' असा अर्थ येतो. म्हणजे साखर उसात होतीच, कारखान्याने त्यातली किती हाती लावली, हा प्रश्न. उतारा म्हटलं की 'या उसातून किती उतरलं' असा अर्थ येतो आणि नजर उसाकडे वळते. उतारा कमी पडला की "ऊसच चांगला नव्हता" असं सहज म्हटलं जातं. खरं तर दोन्ही गोष्टी त्या एका आकड्यात असतात, उसाची प्रत आणि कारखान्याची कार्यक्षमता.

कारखान्यात हा आकडा निघतो कसा?

सूत्र शाळेतलं आहे. तयार झालेली साखर भागिले गाळलेला ऊस, गुणिले शंभर. एक टन, म्हणजे हजार किलो उसातून १२० किलो साखर निघाली, तर उतारा १२ टक्के.

हजार किलो उसात साधारण ७०० किलो पाणीच असतं. चोथा म्हणजे तंतू साधारण १३-१४ टक्के. साखर उसाच्या जातीवर, वयावर आणि हवामानावर अवलंबून असते. ती सगळी पोत्यात येत नाही. थोडी बगॅसमध्ये राहते, थोडी प्रेसमडमध्ये जाते, सगळ्यात जास्त मळीत अडकते आणि थोडी कुठे गेली त्याचा हिशोबच लागत नाही. कारखान्याच्या तक्त्यात तिला 'अनिर्धारित नुकसान' म्हणतात. हे सगळं मिळून उसाच्या वजनाच्या साधारण दोन टक्क्यांच्या आसपास जातं. ज्या कारखान्याची यंत्रणा चांगली, त्याचं कमी जातं.

तोडलेला ऊस किती वेळ रानात किंवा गाडीवर पडून राहिला, यावरही बरंच ठरतं. तोडल्यापासून उसातली साखर विघटित व्हायला लागते. वाढं आणि पाचट जास्त आलं तरी उतारा घटतो, कारण वजन वाढतं पण साखर वाढत नाही. म्हणजे उतारा हा शेतकरी, तोडणी टोळी, वाहतूकदार, शेती गट ऑफिस आणि कारखान्याचा चीफ केमिस्ट या सगळ्यांच्या कामाचा एकत्र निकाल आहे.

बिद्रीचा श्री दूधगंगा वेदगंगा सहकारी साखर कारखाना कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर आहे. त्याच्या नावातल्या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांतला ऊस तिथे येतो. कोल्हापूर विभागाचा साखर उतारा राज्यात नेहमीच वरच्या क्रमांकात असतो. इथली हवा, पाणी आणि को ८६०३२ सारख्या जास्त साखरेच्या जाती ही त्याची कारणं. त्यामुळेच या भागात गळीत हंगामात चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या स्कोअरइतकीच चर्चा उताऱ्याची होते. दर उताऱ्यावरून ठरतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. किती आणि कसा, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

पॉइंट एकची किंमत किती?

केंद्र सरकार दरवर्षी उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर करतं. २००९-१० च्या हंगामापासून ही पद्धत आहे. त्याआधी एसएमपी, म्हणजे किमान वैधानिक दर असायचा.

२०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी आहे क्विंटलला ३५५ रुपये. ही झाली बातमीची हेडलाइन. पण हा दर १०.२५ टक्के उताऱ्यासाठी आहे. त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात. उतारा १०.२५ च्या खाली गेला, तर त्याच हिशोबाने कमी होतात. ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र दर आणखी उतरत नाही, तिथे ३२९ रुपये ५ पैसे मिळायलाच हवेत.

आता टनाच्या भाषेत बोलू. समजा, एखाद्या कारखान्याचा उतारा १२ टक्के आहे. पायाभूत १०.२५ पेक्षा तो १.७५ ने जास्त, म्हणजे ०.१ चे साडेसतरा टप्पे. एका टप्प्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे धरले, तर ६०५ रुपये ५० पैसे होतात. मूळ ३,५५० मध्ये ते मिळवले की एफआरपी टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे.

हाच उतारा साडेअकरा धरला, तर एफआरपी ३,९८२ रुपये ५० पैसे होते. टनामागे फरक १७३ रुपयांचा. ज्याचा ४० टन ऊस गेला, त्याचे ६,९२० रुपये. पुढच्या लावणीच्या खताचा बराचसा खर्च त्यातून भागतो.

हा दर कारखान्याच्या दारात ऊस पोहोचेपर्यंतचा असतो. म्हणून त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो आणि उरतो तो शेतकऱ्याचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा एफआरपीचा आकडा आणि खात्यावर जमा झालेला आकडा जुळत नाही, त्याचं हे पहिलं कारण. बारा टक्क्यांच्या कारखान्याला हेडलाइनमधला ३,५५० हा आकडा कधीच लागू नसतो, हे दुसरं.

पाया वर सरकला की वाढ आत जाते

रिकव्हरी समजून घेतली नाही, तर सरकारी घोषणाही समजत नाही. दोन उदाहरणं पाहा.

२०१७-१८ मध्ये एफआरपी होती क्विंटलला २५५ रुपये, ९.५ टक्के उताऱ्याला. पुढच्या वर्षी ती २७५ झाली, पण पायाभूत उतारा १० टक्के केला. घोषणेत वाढ दिसली टनाला २०० रुपयांची. बारा टक्के उताऱ्याच्या कारखान्यासाठी हिशोब करा. पहिल्या वर्षी प्रत्येक टप्प्याला २ रुपये ६८ पैसे या दराने एफआरपी टनाला ३,२२० रुपये येते. दुसऱ्या वर्षी २ रुपये ७५ पैशांच्या दराने ३,३००. म्हणजे खरी वाढ ८० रुपयांची.

२०२२-२३ मध्ये पुन्हा तसंच झालं. एफआरपी २९० वरून ३०५ झाली आणि पाया १० वरून १०.२५ वर गेला. घोषणेतली वाढ टनाला १५० रुपये, बारा टक्क्यांच्या कारखान्याला प्रत्यक्ष वाढ साधारण १०४ रुपये.

यात लपवाछपवी नव्हती. दोन्ही आकडे सरकारी पत्रकात एकाच ओळीत होते. पण आम्ही बातमीवाल्यांनी पहिला आकडा मोठ्या अक्षरांत दिला आणि दुसरा तिसऱ्या परिच्छेदात टाकला. मोबाइलवर तिसरा परिच्छेद किती जण वाचतात, हे आमच्या डेस्कला रोज दिसतं. त्यामुळे या गोंधळात आमचाही वाटा आहे, हे मान्य करायला हवं.

कोणत्या वर्षाची रिकव्हरी?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्यावर हायकोर्टापर्यंत लढाई झाली.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला, तर वर्षाला १५ टक्के व्याज. पण चालू हंगामाचा सरासरी उतारा कळतो हंगाम संपल्यावर. नोव्हेंबरात तुटलेल्या उसाचं बिल डिसेंबरात द्यायचं, तर उतारा कुठला धरायचा? म्हणून मागच्या हंगामाचा उतारा धरून एफआरपी काढण्याची रीत होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला. त्यानुसार एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची. आधी ठरवून दिलेल्या पायाभूत उताऱ्यानुसार रक्कम आणि हंगाम संपून त्या वर्षाचा खरा उतारा निघाला की उरलेली. राजू शेट्टी याविरोधात कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पैशांचा होता, पण खिळा 'रिकव्हरी' या शब्दावरच होता. मागची की चालू, पायाभूत की प्रत्यक्ष? विशेषण बदललं की जास्त उताऱ्याच्या भागातल्या शेतकऱ्याची मोठी रक्कम काही महिने अडकते किंवा सुटते. आणि त्याच काळात सोसायटीचं व्याज चालू असतं.

इथेनॉल आलं आणि आकडा आणखी अवघड झाला

पूर्वी उसातून साखर काढायची आणि उरलेल्या मळीतून अल्कोहोल, असा सरळ मामला होता. आता कारखाने 'बी हेवी' मळीपासून किंवा थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल बनवतात. बी हेवी म्हणजे साखर पूर्ण काढून न घेता, थोडी साखर शिल्लक असलेली मळी डिस्टिलरीला पाठवायची.

अशा वेळी पोत्यात पडलेली साखर कमी भरते. जुन्या सूत्राने भागाकार केला, तर उतारा घसरलेला दिसेल. पण ऊस तोच आहे. साखर हरवली नाही, ती दुसऱ्या पाइपमधून गेली आणि तिचे पैसे इथेनॉलच्या रूपाने आले. म्हणून इथेनॉलकडे वळवलेली साखर मोजून ती उताऱ्यात मिळवावी लागते आणि मग एफआरपी काढावी लागते.

इंजिनिअरिंगमध्ये याला 'मास बॅलन्स' म्हणतात. आत जितकं आलं, तितकं बाहेर कुठे ना कुठे दाखवता आलं पाहिजे. आम्हाला दुसऱ्या वर्षाला हा धडा होता. परीक्षेत एक प्रवाह विसरला की पूर्ण मार्क जायचे. शेतकऱ्याला मात्र दोन आकडे ऐकू येतात, एक पोत्यातला आणि एक मिळवणी करून आलेला. बिलाला कुठला लागला, हे बिलावरून कळत नाही.

सगळ्यांना एकच सरासरी

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात नसते. आपल्याकडे उतारा पूर्ण कारखान्याचा निघतो, तुमच्या उसाचा नाही. एकाने पक्व झालेला, स्वच्छ तोडलेला ऊस दिला आणि दुसऱ्याने कोवळा, वाढ्यासकट दिला, तरी दोघांना टनाला दर तोच. चांगला ऊस पिकवणाऱ्याच्या साखरेतून दुसऱ्याची तूट भरून निघते.

जगात दुसऱ्या पद्धतीही आहेत. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्याच्या उसाची साखर तपासून त्यानुसार दर देतात. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात उसातल्या एकूण मिळवण्याजोग्या साखरेवरून पैसे ठरतात. तिकडे शेतं मोठी आहेत. आपल्याकडे वीस गुंठ्यांचे सभासद आहेत, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दिवसाला शेकडो वाहनं. प्रत्येक खेपेचा नमुना तपासायचा तर यंत्रणा आणि खर्च वाढणार, हे खरं. त्यामुळे उद्यापासून तसं करा, असं मी म्हणणार नाही. पण सरासरीवरच जगायचं असेल, तर ती कशी काढली हे प्रत्येकाला तपासता आलं पाहिजे.

आणि तीच रिकव्हरी उलटी फिरते तेव्हा

कारखान्याने एफआरपी थकवली, तर पुण्याचे साखर आयुक्त आरआरसी काढतात. त्यातला पहिला 'आर' रेव्हेन्यूचा आणि दुसरा 'आर' पुन्हा रिकव्हरीचा. मराठीत महसुली वसुली प्रमाणपत्र. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पैसे वसूल करायचे.

म्हणजे पाहा. साखरेच्या रिकव्हरीवर दर ठरतो. त्या दरातून सोसायटीच्या कर्जाची रिकव्हरी होते. आणि दर मिळालाच नाही, तर आरआरसीने कारखान्याकडून रिकव्हरी होते.

यात सोसायटीची रिकव्हरी सगळ्यात चोख चालते. ऊस गेला की कर्जाची रक्कम बिलातून परस्पर वळती होते. ती रुपयापर्यंत लिहिलेली असते, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. शेतकऱ्याकडून घ्यायच्या रिकव्हरीचा हिशोब बिलावर इतका स्वच्छ लिहिता येतो, तर ज्या रिकव्हरीवर त्याला पैसे द्यायचे, तिचा हिशोब का लिहिता येत नाही?

कारखान्यांचं म्हणणं

या विषयावर कारखान्यात काम करणाऱ्या ओळखीच्या काही जणांशी बोललो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. उतारा ही गुप्त गोष्ट नाही. रोजच्या गाळपाचे आकडे साखर आयुक्तालयाला जातात. सहकारी कारखान्याच्या वार्षिक अहवालात उतारा छापलेला असतो आणि तो अहवाल सभासदाला मिळतो. शिवाय कारखानेही अडचणीत असतात. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, तेव्हा एफआरपी २७५ होती. २०२५-२६ मध्ये एफआरपी ३५५ वर पोहोचली.

यातली पैशांची ओढाताण खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण अहवालातला आकडा आणि बिलातला दर यांच्यामध्ये जे गणित आहे, ते शेतकऱ्याने स्वतः जुळवायचं, ही अपेक्षा चुकीची आहे. अहवाल वर्षातून एकदा येतो. बिल खात्यावर जमा होतं, तेव्हा तो अहवाल कपाटात असतो किंवा अजून छापायचा असतो.

मग काय करायला हवं?

माझं मत साधं आहे. ऊसबिलावर चार ओळी वाढवा.

पहिली ओळ, दर काढताना धरलेला उतारा किती आणि तो कोणत्या हंगामाचा. दुसरी, इथेनॉलकडे वळवलेल्या साखरेपोटी त्यात किती मिळवले. तिसरी, पायाभूत उतारा, मूळ एफआरपी आणि वरच्या टप्प्यांची रक्कम. चौथी, तोडणी-वाहतुकीची टनामागे सरासरी वजावट.

याला नवा कायदा लागत नाही आणि नवं मशीनही लागत नाही. हे सगळे आकडे संगणकात असतातच, त्याशिवाय दर निघणार कसा? अनेक कारखान्यांकडून आता उसाच्या वजनाचा मेसेज मोबाइलवर येतो. वजनाचा येतो, तर उताऱ्याचाही पाठवता येईल. आणि मेसेज मराठीत लिहा. साखरेचा तो 'उतारा', कर्जाची ती 'वसुली'. दोन्हीला 'रिकव्हरी' म्हटलं, की आपल्याला मिळायचं कुठलं आणि आपल्याकडून जायचं कुठलं, हेच कळेनासं होतं.

तोपर्यंत तुमचं बिल आलं की तुम्हीही एक हिशोब करून पाहा. कारखान्याचा उतारा विचारून घ्या. त्यातून १०.२५ वजा करा. उरलेल्या आकड्याला ३४६ ने गुणा आणि त्यात ३,५५० मिळवा. आलेल्या रकमेतून तोडणी-वाहतूक वजा करा. हा झाला २०२५-२६ साठी तुमचा टनाचा हक्काचा किमान दर. कारखाना याहून जास्त देत असेल, तर उत्तमच. कमी दिसला, तर गट ऑफिसला विचारा, नाहीतर वार्षिक सभेत विचारा. सहकारी कारखान्याचा सभासद हा मालक असतो आणि मालकाने हिशोब विचारण्यात वावगं काही नाही.

मामांना मी हा हिशोब कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. त्यांनी तो गावातल्या ग्रुपवर टाकला. रात्री फोन आला, "तिघांनी विचारलं, ३४६ कुठनं आलं? आता तूच सांग त्यांना."

तर ऐका. ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे, म्हणून एका पूर्ण टक्क्याला ३४६ रुपये. वडीलही आता ठणठणीत आहेत.